पांढऱ्या टॉवेलाखाली

त्रिंबकचा उजवा हात त्याच्या ताब्यात नव्हता. कुठंही मोटारीचा हॉर्न वाजला की तो आपसूक कपाळाशी जायचा. जेवताना वाजला तर भाकरीचा तुकडा बोटांत तसाच राहायचा आणि कालवण मनगटावरून खाली ओघळायचं. केसरबाई ताटापुढून उठायची आणि म्हणायची, "तेवढा हात तरी कारखान्यात ठिवून यायचा व्हता. निस्ता माश्या हाकल्यावानी उडतोय."

सहकारी साखर कारखान्याच्या गेटवर त्रिंबकची सारी उमेदीची वर्षं गेली होती. हडकुळा, उंच माणूस. पण खाकी कपडे चढवून गळ्यात शिट्टी अडकवली की त्याच्यात कुणीतरी दुसराच शिरायचा. उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, सायकलवरचे कामगार, सगळ्यांना तो अडवायचा. पिशव्या उघडायला लावायचा. एखाद्याच्या जेवणाच्या डब्यात चार चमचे साखर सापडली तर डबा तिथंच मातीत पालथा करायचा आणि चारचौघांत म्हणायचा, "सहकार हाय हा. सगळ्याचा माल हाय. कुणाचा चोरतूस बे?"

एकच गाडी त्याने जन्मात अडवली नाही. ती चेअरमनसाहेबांची पांढरी ॲम्बेसडर. मागच्या काचांना पडदे, सीटवर धुतलेले पांढरे टॉवेल, पुढे बॉनेटवर झेंड्याची दांडी. ती लांबून दिसली की त्रिंबक फाटक सताड उघडायचा, टाचा जुळवायचा आणि हात कपाळाला लावायचा. गाडी जायची, धूळ खाली बसायची, तरी त्याचा हात वरच असायचा. घरी येऊन सांगायचा, "आज साहेबांनी आतून मान हालवली." पडद्याआडची मान याला कशी दिसली, असं केसरबाईच्या मनात यायचं. पण दिवसभर उन्हात उभा राहून आलेल्या माणसाला ती ते विचारायची नाही.

दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघालाच नाही. ऊस नव्हता हे खरं. पण ऊस होता तेव्हाही कारखाना आतून पोखरलेलाच होता, असं उमापूरच्या बाजारात लोक उघड बोलू लागले. तसं बोलणाऱ्याशी त्रिंबक बोलणं टाकायचा. मग कुलूप लागलं, सरकारचा माणूस येऊन बसला, आणि खुर्च्या, पंखे, भंगार, गाड्या यांचा लिलाव पुकारला गेला.

त्याच दिवसांत लेकीच्या सासरहून, धारूरकडून, निरोप आला की शिवकन्या पोटुशी आहे. केसरबाईची एकुलती लेक, पहिलं बाळंतपण, म्हणजे ते माहेरीच व्हायचं. केसरबाईने देवापुढे साखर ठेवली आणि त्या दिवसापासून तिची झोप गेली. कारण शेजारच्या सुंदरबाईची सून तिने डोळ्यांनी पाहिली होती. कळा सुरू झालेली पोर फाट्यावर काळी-पिवळी जीपमध्ये बसून होती, आणि जीपवाला सीट भरल्याशिवाय गाडी हलवायला तयार नव्हता. जीप भरली. सून गेवराईच्या दवाखान्यापर्यंत पोचली, पण जिवंत पोचली नाही. तिचा निळ्या बांगड्यांचा हात जीपच्या कडेला धरलेला होता, तो केसरबाईला अजून दिसायचा.

"काय बी करा," ती नवऱ्याला म्हणाली, "पण दारात आपलं चाक पाह्यजे. माझी लेक फाट्यावर बसणार न्हाई."

घरात होतं नव्हतं ते तिने त्याच्या हवाली केलं. लिलावात कारखान्याची एक जीप होती, ती त्याने घ्यावी असं दोघांचं ठरलेलं. संध्याकाळी गल्लीत लहान पोरांचा गलका झाला म्हणून ती बाहेर आली, तर दारात ॲम्बेसडर उभी. झेंड्याची दांडीसुद्धा तशीच. त्रिंबक आतून उतरला तो देवळातून बाहेर पडल्यासारखा, अनवाणी. चपला काढून त्याने गाडी चालवली होती.

"जीप?" केसरबाईने विचारलं.

"जीप काय कुणाकडं बी आसती. ही साहेबांची हाय. लेक ह्याच्यातून जाईल दवाखान्यात. डाक्टर उठून उभा राहील."

"इंजन बघितलं का? खालून वरून?"

"साहेबांच्या गाडीत काय बघायचंय?"

बायकांनी चाकावर पाणी घातलं. पाणी म्हणजे एक फुलपात्र, चारी चाकांना मिळून. म्हाताऱ्या माणसांनी बॉनेटला हात लावून तो छातीला लावला. दुसऱ्या दिवशी त्रिंबक नारायणगडाला जाऊन गाडीपुढे नारळ फोडून आला. मागच्या सीटवर मात्र त्याने कुणाला बसू दिलं नाही. टॉवेल तसेच ठेवले, पडदे तसेच ठेवले. "ती साहेबांची जागा हाय," म्हणायचा. विकत घेतलेल्या गाडीत अर्धी जागा अजून दुसऱ्याची, हे केसरबाईला पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

ऊन तापलं तसा वास यायला लागला.

सुरुवातीला तो गोडसर होता. त्रिंबक म्हणाला, साहेबांचं अत्तर मुरलंय. मग वास आंबला. सकाळी दार उघडलं की आतून असा भपकारा यायचा की केसरबाई पदर नाकाला लावून मागे सरायची. आंबलेला गूळ, ओलं पोतं आणि त्याखाली आणखी काहीतरी, मेलेलं. काळ्या मुंग्यांची रांग अंगणातून निघून दाराच्या फटीतून आत जायची आणि तिथून सीटखाली. माश्या काचेवर डोकं आपटायच्या. गल्लीतली कुत्री मागच्या चाकाशी येऊन हुंगत बसायची, आणि एक दिवस त्यातल्या एकाने दाराचा रबर चाटायला सुरुवात केली. केसरबाईने वहाण फेकून मारली. तिने आत उदबत्त्या लावल्या, लिंबाचा पाला ठेवला, कापूर ठेवला. आता उदबत्ती, लिंब, कापूर आणि त्या सगळ्याखालून तीच घाण, असा वास यायला लागला. आधीचा परवडला, असं तिला वाटलं.

शिवाय गाडी पाणी प्यायची. गावाला टँकर यायचा, घरटी घागरी ठरलेल्या. त्या पाण्यात धुणं व्हायचं नाही, भांडी राखेने घासायची, आंघोळीचं पाणी गोळा करून दारच्या लिंबाला घालायचं. आणि ही गाडी उमापूरला जाऊन आली की नाकातून वाफ सोडत दारात उभी राहायची, त्रिंबक कळशी घेऊन तिच्या तोंडात ओतायचा आणि खालून ते थेंबथेंब मातीत जायचं.

"माणसाच्या तोंडचं पाणी वतताव तिच्यात," केसरबाई म्हणाली. "तुमच्या साहेबांची गाडी हाय, साहेबासारखीच पिती."

"तोंड सांभाळ, केसर."

"मी तोंड सांभाळतेच. नाक कुठं सांभाळू?"

सातव्या महिन्यात लेकीला आणायला दोघं धारूरला गेली. जाताना पुढच्या सीटवर दोघं, मागे टॉवेल. येताना शिवकन्या. त्रिंबकने तिलाही पुढेच बसायला सांगितलं. तेव्हा केसरबाईचा ताबा सुटला.

"पोटुशी पोर तुमच्या त्या गेरच्या दांड्याला अन् दाराला चेंगरून बसवताव, आन् मागं टॉवेल ऐसपैस बसलाय? काई लाज?" तिने मागचं दार उघडलं आणि लेकीला हाताला धरून आत बसवलं, स्वतः शेजारी बसली. त्रिंबक आरशातून पुन्हा पुन्हा मागे बघत होता, जणू कुणीतरी विनापरवाना फाटकातून आत शिरलंय.

घाट उतरायच्या आतच शिवकन्येचा चेहरा पांढरा पडला. तिने पदर नाकाला लावला. मग दुहेरी करून लावला.

"माय, ह्या गाडीत काय मेलंय?"

"काई न्हाई गं, उन्हाचा वास हाय," त्रिंबक पुढून म्हणाला.

तेवढ्यात टॉवेलाच्या घडीतून एक झुरळ निघालं, लालसर, मोठं, चिकट पायांचं. ते शिवकन्येच्या मांडीवर चढलं. पोर किंचाळली. त्रिंबकने गाडी थांबवेपर्यंत तिला दारातच उलटी झाली. पुढे घरापर्यंत तिला दर थोड्या वेळाने ओकाऱ्या येत राहिल्या. पोटात काही नव्हतं, तरी येत राहिल्या. घरी उतरताना तिने बापाकडे पाहिलं नाही. आईला एवढंच म्हणाली, "कळा आल्या तर मला बैलगाडीत घाल. त्याच्यात घालू नगंस."

केसरबाई रात्रभर ते वाक्य मनात घोळवत पडली. ज्याच्यासाठी गाडी घेतली तेच माणूस तिच्यात बसायला तयार नाही. उजाडल्यावर तिने चहासुद्धा ठेवला नाही. खुरपं घेतलं, पदर नाकावरून मागे गाठ मारला आणि गाडीकडे निघाली.

त्रिंबक मागच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. हात फाकवून, अगदी फाटकात उभा राहायचा तसा.

"काय करतीस?"

"सीट काढते."

"साहेबांच्या सीटला हात न्हाई लावायचा."

"शिवूचे बाप," केसरबाई शांतपणे म्हणाली, "जल्मभर तुमी लोकांचे डबे उलटे केले. एक सीट उलटी करायला तुमाला एवढा घाम कावून फुटला?"

तो बाजूला झाला नाही. तिनेच त्याला खांद्याने बाजूला केलं. टॉवेल उचलायला गेली तर वरचा पदर हातात आला आणि खालचा सीटला चिकटून फाटला. मग तिने खुरपं सीटखाली घालून जोर लावला. काहीतरी सुटल्याचा चिकट, ओला आवाज झाला आणि सीट वर आली.

तिने नंतर हे कुणाला नीट सांगितलं नाही. सांगायला लागली की तोंडात कडू पाणी यायचं आणि ती थुंकायला उठायची.

खाली काळा थर होता, वीतभर जागा सोडली तर सगळीकडे. कडेला वाळून फुटलेला, मधोमध अजून ओला, तार धरणारा. त्यात मुंग्या इतक्या की थर हलतोय असं वाटायचं. झुरळांचे पुंजके प्रकाश पडताच सैरावैरा पळाले, आणि जे चिकटलेले होते ते जागच्या जागी पाय हलवत राहिले. सीटच्या काथ्यात उंदराने घर केलं होतं. गुलाबी, केस न फुटलेली पिल्लं एकमेकांवर वळवळत होती, आणि त्यांची आई खालच्या चिकट थरात अडकून तिथंच मेलेली, अर्धी मुंग्यांनी नेलेली. शेजारी पत्र्याचं एक नरसाळं पडलं होतं. आणि कोपऱ्यात, जिथं थराने पत्राच खाऊन टाकला होता, तिथून अंगणातली माती सरळ दिसत होती.

केसरबाई मागे सरली आणि भिंतीला धरून ओकली. तोंड पुसताना तिला वासाची ओळख पटली.

मळी. साखर काढून उरते ती काळी, दाट मळी. आदल्या उन्हाळ्यात ती चारा छावणीत याच वासाची वाट बघत बसली होती.

ती छावणी कारखान्यानेच चालवली होती. गावोगावची जनावरं माळावर बांधलेली, त्यांच्याजवळ बायका खोपी घालून राहिलेल्या. केसरबाई आपली हरणी गाय घेऊन तिथं दोन महिने राहिली. वाळक्या वाढ्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्यांवर, मळीचं पाणी शिंपडलं तर जनावर खातं, नाहीतर तोंड फिरवतं. पहिले काही दिवस मळी आली, मग येईना. केसरबाई रोज छावणीच्या माणसाला विचारायची, "मळी कवा येणार दादा?" आणि तो रोज म्हणायचा, "कारखान्यातून निघालीय मावशी, रस्त्यात हाय." हरणी वाढ्याला तोंड लावेना. तिच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. घरी आणली आणि पंधरवड्यात गेली. मरताना ती केसरबाईचा हात चाटत होती. हाताला काहीच चव नव्हती, तरी चाटत होती.

"ही छावणीची मळी हाय," केसरबाई म्हणाली.

"उगं काई बी बोलू नगं," त्रिंबक म्हणाला. पण आवाजात गेटवरचा जोर नव्हता. "साहेबांच्या गाडीत मळी कशी येईल? सुग्रीव येऊ दे. तो सांगंल."

सुग्रीव म्हणजे साहेबांचा जुना ड्रायव्हर. आता तो पाण्याच्या टँकरवर होता. दुपारी टँकर आला, बायका घागरी घेऊन धावल्या, आणि सुग्रीव खाली उतरून बिडी पेटवत होता, तेव्हा त्रिंबकने त्याला दंडाला धरून गाडीशी आणलं. सुग्रीवने आत डोकावलं, नाक धरलं आणि हसला.

"आत्ता सापडलं व्हय रे? मला वाटलं, घेताना बघितलं आसंल."

"काय वाह्यलंस तू ह्याच्यात?"

"डबे. मळीचे. छावणीच्या नावानं निघायची ती. नदीकडंला दारूच्या भट्ट्या व्हत्या न्हाई का, तिथं टाकून यायचो."

"साहेबांच्या गाडीतून?"

"मंग कशातून? टॅक्टरनं नेली आसती तर वाटंत कुणी बी इचारलं आसतं. साहेबाची गाडी कोण अडवितंय?"

त्रिंबकने मागच्या सीटच्या जागेकडे बोट केलं. "पण साहेब बसलेले आसायचे की मागं. मी रोज..."

"कुठले साहेब बे? पडदे वढलेले आसायचे. साहेब घरी वाड्यावर पंख्याखाली लवंडलेले. मागं डबे बसायचे, टॉवेल पांघरून."

"मी सलाम करायचो," त्रिंबक म्हणाला.

"डब्याला करायचास. आन् कडक करायचास बरं का! मला लई हसू यायचं. मी गाडी हळू करायचो तुझ्यासाठी. एकदा तुझ्याच फाटकातल्या खड्ड्यात डबा कलंडला. तिथून हे सगळं." त्याने बिडीची राख झटकली. "मागनं गाडी दबलेली दिसायची की रे. इचारलं बी न्हाईस कधी."

"मला वाटायचं, साहेब जड हायत," त्रिंबक म्हणाला.

सुग्रीव इतका हसला की त्याला ठसका लागला. घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांतल्या दोघी-तिघीही हसल्या. केसरबाई हसली नाही. तिला सुग्रीवच्या तोंडावर थुंकायचं होतं. पण घरात पोटुशी लेक होती, रांजण कोरडा होता, आणि पाण्याचा पाइप त्याच माणसाच्या हातात होता. तिने घागर पुढे धरली. पाणी भरेपर्यंत खाली मान घालून उभी राहिली. त्या घागरीची किळस तिला कितीतरी दिवस वाटत होती, आणि ते पाणी मात्र ती घोट घोट जपून वापरत होती.

त्या दुपारी त्रिंबक गाडीत शिरला. पिल्लं सुपात घालून लांब नेऊन टाकली, सीट उकिरड्यावर नेली. मग उघड्या अंगाने खुरप्याने थर खरवडायला बसला. धुवायला पाणी नव्हतं. राख टाकायची, माती टाकायची, खरवडायचं, पुन्हा राख. मुंग्या त्याच्या कोपरापर्यंत चढल्या. केसरबाई टोपल्यात ती घाण घेऊन गावाबाहेर नेत होती. मधेच त्याने खुरपं थांबवून विचारलं, "हरणी... मळी मिळाली आसती तर वाचली आसती का गं?"

"मला काय ठावं," ती म्हणाली. "हात चालवा."

गेवराईहून शहादेव मिस्त्री आला. त्याने गाडीखाली झोपून पाहिलं आणि एकेक करून दाखवलं. मागच्या स्प्रिंगांचे पाटे तुटलेले आणि तारेने बांधलेले. दारांच्या खाली जिथं जिथं पांढरा रंग चकचकीत होता, तिथं बोट दाबलं की आत जायचं. गंजलेल्या भोकांत लांबीचा लगदा भरून वरून रंग फासलेला. रेडिएटर तर चाळणीच.

"रंगावर गेलात मामा," शहादेव म्हणाला.

"टॉवेलावर गेले," केसरबाई म्हणाली.

त्याने बॅरलचा पत्रा कापून तळाला जोडला, पाट्यांचं काम केलं. रेडिएटर मात्र जालन्याहून आणावा लागणार होता. आणीन म्हणाला, आणि आला नाही. सीटच्या जागी त्रिंबकने लाकडी फळी टाकली आणि केसरबाईने त्यावर दोन गोधड्या अंथरल्या. वास गेला नव्हता. कमी झाला, पण पत्र्यात मुरलेला होता. ऊन चढलं की तो पुन्हा आपली जागा घ्यायचा.

कळा अपेक्षेपेक्षा आधीच आल्या. सकाळची वेळ, उमापूरचा बाजार नव्हता, त्यामुळे फाट्यावर एक जीप नाही. केसरबाईने शिवकन्येला हाताला धरून गाडीशी आणलं. पोर दारात अडली. "माय, नगं. बैलगाडी."

"बैलगाडीनं दुपार हुईल गं बाई. नाकाला पदर लाव. माझ्याकडं बघ, दुसरीकडं बघू नगंस."

त्रिंबक अशी गाडी हाणत होता की वाटेतली मेंढरं दोन्ही अंगांना पळाली. मागे शिवकन्या फळीवर आडवी, तिचं डोकं केसरबाईच्या मांडीवर. ऊन लागू नये म्हणून पडदे ओढलेले. अर्धी वाट झाली आणि बॉनेटमधून वाफ सुटली. आधी शिट्टी वाजल्यासारखी, मग गाडी धक्के खात थांबली. पाण्याचा डबा त्रिंबकने बरोबर घेतला होता. सगळा ओतला. फुसफुसून खाली गेला.

थोड्या पुढे रोजगार हमीचं काम चाललं होतं. नाल्यावर बांध घालायला बायाबापड्या माती वाहत होत्या. पांढरी ॲम्बेसडर, पडदे आणि झेंड्याची दांडी पाहून मुकादम टोपी सावरत पळत आला आणि वाफेच्या पलीकडूनच त्याने कंबरेत वाकून हात जोडले. बाया मात्र होत्या तिथंच उभ्या राहिल्या. झाडाखाली पिण्याच्या पाण्याच्या घागरी होत्या. त्रिंबक तिकडे धावला तर एक थोराड बाई घागरींच्या आडवी आली.

"साहेबाच्या गाडीला आमच्या तोंडचं पाणी कावून?" ती म्हणाली. "वळखते मी ह्या गाडीला. छावणीत तीन जनावरं मेली माझी. तुझ्या साहेबाला म्हणावं, उतर खाली आन् चालत जा."

"साहेब न्हाईत आत," त्रिंबक म्हणाला.

"पडदे वढलेले हायत की. मंग कोण हाय?"

त्रिंबकचा हात वर गेला, अर्ध्यात थांबला, आणि त्याने तो बाईच्या पायाकडे नेला. आतून केसरबाईने हे पाहिलं. तिने पडदा धरला आणि असा ओढला की दोरीसकट तुटून खाली आला. मग दुसरा.

"बया, माझी लेक हाय! अडलीय ती! इकडं ये, बघ!"

ती थोराड बाई काचेशी आली. तिने फळीवरची, घामाने निथळलेली पोर पाहिली, आणि वास नाकात जाताच तोंड वाकडं केलं. मागे वळून ओरडली, "अडलेली पोर हाय गं! घागरी आणा!" मुकादम मध्ये येऊन काहीतरी दुपारच्या पाण्याचं बोलायला लागला, तेव्हा तिने त्याला कोपराने बाजूला सारलं. "तू सलाम कर तिकडं. बायांनो, वता."

एका पाठोपाठ एक घागर रिकामी झाली. एक भरलेली गाडीत ठेवली गेली, पुढे लागेल म्हणून. कुणीतरी शिवकन्येच्या ओठांना ओलं बोट लावलं. गाडी सुरू झाली तेव्हा त्या बाया उन्हात उभ्या होत्या, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना प्यायला काय उरलं होतं, ते केसरबाईला विचारवलं नाही.

गेवराईच्या दवाखान्यात कुणी डॉक्टर उठून उभा राहिला नाही. नर्सने एवढंच विचारलं, "बाईच्या कपड्याला कसला घाण वास येतोय हो?" आणि लेकीला आत नेलं. त्रिंबक बाहेर पायरीवर बसला. दुपार कलायच्या आत मुलगी झाली. लहानशी, काळीसावळी, पण आवाज असा की पायरीवर ऐकू आला.

घरी जायच्या दिवशी त्रिंबकने गाडी दवाखान्याच्या दारात आणून लावली. झेंड्याची दांडी त्याने उपटून टाकली होती. तिथं एक भोक राहिलं होतं. केसरबाई बाळाला घेऊन गाडीवरून सरळ पुढे चालत गेली, शिवकन्या तिच्या मागे.

"अगं, गाडी हाय की आपली," त्रिंबक म्हणाला.

"लेकीला तिच्यातून आणायला लागलं, आणलं. उपकार झाले तिचे. पण माझ्या नातीचा पयला वास तो न्हाई व्हायचा."

"काळी-पिवळी भरल्याबिगर सुटत न्हाई."

"भरू द्या. आज घाई कुणाला हाय?"

जिच्या धास्तीने तिची झोप गेली होती, त्याच जीपमध्ये ती बसली. माणसं येत राहिली, सरकून बसत राहिली. एका म्हातारीने बाळंतिणीला खिडकीची जागा दिली, कुणीतरी बाळाला पाहून हातावर साखरेची पुडी ठेवली. जीप गच्च भरली तेव्हा सुटली. मागच्या उघड्या बाजूने केसरबाईला दिसत होतं, पांढरी गाडी मागून येत होती. बिनपडद्याची, रिकामी, जीपची सगळी धूळ अंगावर घेत.

बंद कारखान्याच्या फाटकापाशी जीपवाल्याने शेळ्या हाकलायला हॉर्न दिला, लांबलचक. केसरबाईने मागे पाहिलं. त्रिंबकचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, घट्ट.

वारा मागून होता. गाडी जवळ आली तसा तो वास पुन्हा आला. तिने तोंड फिरवलं आणि पदर बाळाच्या नाकावर ओढून घेतला.